कापाचे १९७१चे फलक सगळ्यांना दाखवावेत का?

रंगपेटी
ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातली पापुन्या ही वस्ती अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून साधारण २४० किमी वायव्येला आहे. १९७१ साली शाळामास्तर जेफ्री बार्डनच्या प्रोत्साहनानं तिथले आदिवासी पुरुष फलकांवर चित्रं काढू लागले, त्यात कापा त्जाम्पित्जिन्पा सगळ्यांत पुढं. त्याची मांडणी ठरलेली: मधोमध विधीची वस्तू, दोन्ही बाजूंना अंग रंगवलेले पुरुष, डावं-उजवं तंतोतंत सारखं. पण अशा काही वस्तू फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांनीच बघायच्या असतात. त्या ज्या फलकांवर आहेत ते भिंतीवर नकोत, कॅटलॉगात नकोत, वेबसाइटवर अंगठ्याएवढ्या आकारातही नकोत.

खडूफळा
असहमत. कापा काही भोळा नव्हता. बार्डन यायच्या आधीपासून तो चित्रं काढत होता. ऑगस्ट १९७१मध्ये त्याच्या 'गुलगार्डी' या चित्राला अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या कॅल्टेक्स चित्रस्पर्धेत विभागून बक्षीस मिळालं. १९७२ला पापुन्या तुला ही चित्रकारांची कंपनी निघाली, तिचा पहिला अध्यक्षही तोच. अशा माणसानं राजीखुशीनं विकलेलं चित्र पन्नास वर्षांनी आपण कोंडून ठेवायचं?

रंगपेटी
विकलं म्हणजे सगळ्यांना दाखवायला मोकळं झालं असं नाही. तिथं चित्रातल्या कथेवर एकट्याचा हक्क नसतोच. वडिलांकडून जिचा वारसा येतो, त्या कथेचे ते मालक. आईकडून येतो ते राखणदार: विधी आणि चित्र रीतसर होतंय का, हे बघणारे. होकार दोघांचा लागतो. चित्रकाराच्या मुलाची सही घेऊन काम झालं समजलं, की पुढं राखणदारांची हरकत येते आणि ती रास्त असते. शिवाय तेव्हाचं गिऱ्हाईक लांबच्या शहरातलं. तेच चित्र एक दिवस आपल्याच बायकापोरांच्या फोनवर दिसेल, हे १९७१त कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेजारच्या समाजांतून ओरड झाल्यावर चित्रकारांनीच अशा वस्तू उघड काढणं सोडलं ना?

पिठोरी
आपल्याकडे वारली लग्नाचा चौक सुवासिनी काढतात. जिव्या सोमा म्हशांनी तीच चित्रं कागदावर, कापडावर आणली. काय बिघडलं?

रंगपेटी
लग्नाचा चौक वऱ्हाडी बघतातच. इथं बघण्यावरच बंदी आहे. तुलना लागू नाही.

गेरू
पापुन्याच्या चित्रांतल्या ठिपक्यांबद्दल 'ठिपके आले ते गुप्त वस्तू लपवायला' हे वाक्य सगळीकडे फिरतं, ते अर्धंच खरं आहे. विधीसाठी जमिनीवर चित्र करतात ते बघा. जागा साफ करायची, वारुळाची माती ओली करून चोपून घट्ट करायची. रानझुडपाची लव बारीक चिरून थोडी गेरूत, थोडी पांढऱ्या मातीत कालवायची आणि चिमटीनं ठिपका-ठिपका लावत आकृती भरायची. विधी झाला की ते मोडून टाकतात. म्हणजे ठिपका विधीतलाच. पापुन्याचाच चित्रकार जॉनी वारंगकुला, त्यानं १९७२च्या सुमारास ठिपक्यांचे थरावर थर दिले, त्यात खालचं झाकलं जातं हे कबूल. पण 'ठिपके दिसतात, मग लावा भिंतीवर' हा नियम घातक. प्रत्येक फलक वेगळा तपासावा लागतो. आणि जे मोडायचं असतं ते फलकावर कायमचं राहिलं, हा मुद्दा दोघांनीही सोडलाय.

खडूफळा
तपासा, पण कोंडलेल्या फलकाचं काय होतं तेही सांगा. हार्डबोर्डचे हाताला लागतील ते तुकडे, कोपरे फुगलेले. वर पोस्टर कलर. त्यात गोंद कमी पडला असेल तर रंग भुकटी होऊन गळतो. अधूनमधून उजेडात धरून बघावंच लागतं.

रंगपेटी
बघावं की. वेगळी खोली, फलकाचं तोंड भिंतीकडे, हाताळायला फक्त पुरुष कर्मचारी. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या संग्रहालयाकडे सुरुवातीचे दोनशेहून जास्त फलक आहेत. २०१७च्या प्रदर्शनाआधी त्यांनी वाळवंटातल्या ज्येष्ठांना विचारून निवड केली. वेळ लागतो, पण होतं.

खडूफळा
सरकारी संग्रहालयात होतं. खासगी दिवाणखान्यात टांगलेल्या फलकाचं काय? तो विकायला निघाला, की लिलाववाले कोणत्या राखणदाराला विचारायला पापुन्याला जाणार आहेत?