पेशवेकालीन पोशाकातलं मॉडेल: कापड, घड्या आणि प्रकाश

रेषाकट्टा
रविवारच्या चित्रकला वर्गात पेशवेकालीन पोशाकातली दोन मॉडेल बसवायची आहेत. एक पुरुष (जामा, पगडी, उपरणं), एक स्त्री (नऊवारी). तीन तास, बारा विद्यार्थी, माध्यम कोळसा. नाटकाचे कपडे भाड्याने आणले तर साटीनचा जामा आणि शिवलेली नऊवारी मिळते. चालेल का? शिवाय विश्रांतीनंतर घड्या बदलतात, त्याचं काय करता?

मलमलवाला
साटीन नको. त्याची चकाकी तुकड्यातुकड्यांत येते, मुलं चमक काढत बसतात आणि आतलं शरीर हरवतं. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने 1790च्या दशकात पुण्यात काढलेलं सवाई माधवरावांचं चित्र पाहा: जामा पांढरा, तलम. साधी मलमल घ्या आणि पातळ खळ एकदाच द्या. बिनखळीची मलमल अंगाला चिकटते, जास्त खळ झाली की कागदासारखे कोन पडतात.

खरी गंमत बाहीत आहे. भाड्याच्या जाम्याची बाही मनगटाशीच संपते. ती अरुंद आणि वीतभर जास्त लांब हवी, मग वर सरकवली की मनगटापासून कोपरापर्यंत चुण्या पडतात. शिंप्याकडून तेवढा तुकडा जोडून घेतला तरी काम भागतं, जोड चुण्यांत लपतो.

पगडी मुलं हमखास टोपीसारखी डोक्यावर ठेवून काढतात. आधी कवटी पूर्ण काढायला लावा, मग कपाळाला वळसा घालणारी लंबवर्तुळाची रेघ, आणि त्यानंतर पगडी.

इरकल_काठ
पुरुषाच्या पोशाकाबद्दल वर आलंच आहे. नऊवारीबद्दल: शिवलेली अजिबात नको. तिच्या निऱ्या टाके घालून बसवलेल्या असतात, कमरेला इलॅस्टिक असतं, त्यामुळे घड्या सरळ खाली लोंबतात. नेसलेल्या साडीत ओढ दोन ठिकाणांहून येते: पोटाशी मारलेली गाठ आणि मागे खोचलेला काष्टा. पुढच्या घड्या गाठीपासून पसरतात, मांडीच्या आतल्या घड्या मागे कमरेकडे जातात. शिकवायचं हेच आहे.

सुती इरकल घ्या, सव्वाआठ मीटर भरेल. आत परकर नको, गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी पुरे. काठ रुंद आणि गडद असावा, कारण पायाची गोलाई काठाच्या वळणावरूनच कळते. एक पाय पुढे, भार मागच्या पायावर. दोन्ही पाय जुळवून उभं केलं तर काष्टा दिसतच नाही, आणि मग सहावारी काय वाईट?

कोळसा_आणि_खडू
वेळेचं सांगतो. उभी पोझ 20 मिनिटं, मग 5 मिनिटं विश्रांती. गुडघे ताठ आवळून उभं राहिलं की चक्कर येते, तेव्हा किंचित सैल ठेवायला सांगा. जामावाल्याला लोडाशी बसवा: ते काळाला शोभतं आणि मॉडेलही टिकतं.

पहिल्या पोझमध्येच पावलांभोवती खडूने खूण करा आणि मधल्या जागेवरून एक फोटो काढून ठेवा. तरी घड्या हुबेहूब परत येत नाहीतच. म्हणून मुलांना सांगा: एका बैठकीत घड्यांचा एकच भाग संपवायचा, कंबर किंवा बाही. अर्धी घडी जुनी, अर्धी नवी काढली की कापड कुठून ओढलंय तेच कळत नाही.

वरच्या ट्यूबलाइट बंद. एकच दिवा, डोक्याच्या वर, एका बाजूने. मुलं निदान दहा फूट लांब, नाहीतर पाय छोटे आणि डोकं मोठं होतं.

रेषाकट्टा
आभारी आहे सगळ्यांचा. पांढरी मलमल कोळशात कशी बसवायची?

कोळसा_आणि_खडू
मागे राखाडी चादर टांगा आणि कागदही फिकट राखाडीच द्या. कापडाची सावली राखाडीने, पांढरा खडू फक्त दिव्याकडच्या कडांना, तोही शेवटच्या अर्ध्या तासात हातात द्या. आधी दिलात तर सगळं पीठ होतं.

इरकल_काठ
आणि कोळशाची धूळ साडीवर उडते. ईझल साडीपासून लांबच ठेवा, काठाला लागली की निघत नाही.