५३ ग्रेड की पीपीसी? कार्बनचा खरंच फरक पडतो का?

चांदेकर: मंडळी घराचं काम काढलंय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो साधं ५३ ग्रेड सिमेंटच घ्या, पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) म्हणजे राख कालवलेला माल. पण पीपीसीने कार्बन कमी होतो म्हणतात. आणि एवढंच असेल तर सिमेंटवाले सोलर का नाही लावत, विषय संपला ना?

भट्टीवाला: सोलरने नाही संपत राव. चुनखडी तापली की दगडातूनच सीओटू सुटतो, क्लिंकरच्या (भट्टीतून निघणारे गोळे, तेच दळून सिमेंट होतं) कार्बनपैकी साधारण ६० टक्के तिथलाच, उरलेला मुख्यतः इंधनाचा, कारण भट्टी १४५० डिग्रीला न्यावी लागते. म्हणून क्लिंकरच कमी घालायचं, पीपीसीत ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली राख, चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० पर्यंत स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी. तुमच्या चंद्रपुरात तर राखही आहे नि कारखानेही.

साइटवरचा: सगळं खरं, पण पीपीसी ताकद हळू धरते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १० दिवस पाणी मारा, साध्या सिमेंटला ७. कॉन्ट्रॅक्टरला सेंट्रिंग लवकर खोलायचंय, खरी पोटदुखी ती!

टिकोजी: आणि उद्या कोळसा कमी झाला की राख कुठून आणणार? त्यासाठी एलसी३ नावाचं सिमेंट आहे, भाजलेली चिकणमाती नि कच्ची चुनखडी, क्लिंकर निम्मंच. माती ८०० डिग्रीच्या आसपास भाजते. आयआयटी दिल्ली, मद्रास, क्युबा, स्वित्झर्लंड सगळ्यांनी मिळून काम केलं, २०२३ मध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) स्टँडर्डही आलं.

चांदेकर: बरं, मग पीपीसीच घेतो. स्लॅबचे टेकू किती दिवस ठेवू?

साइटवरचा: ते इंजिनिअरलाच विचारा, स्पॅनवर आहे. घाई मात्र नको.