घोड्यांसाठी मैफल? आधी गायरानाचा उतारा काढा

गायरान_सातबारा (धागाकर्ता)

सध्या एक पोस्ट फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत नेवाडा राज्यात कारखाने वाढल्याने रानघोड्यांची जागा आक्रसतेय, तिथले गायक-वादक त्यांच्यासाठी पुढे आलेत. आपल्या मिरजेला गाण्याची एवढी परंपरा, औंधला संगीत महोत्सव होतो, मग आपले कलाकार माणदेशातल्या धनगरांच्या घोड्यांसाठी एक संध्याकाळ का देत नाहीत? खाली नुसते जोडलेले हात आणि घोड्यांची चित्रं.

वाचायला छान वाटतं. पण सगळ्याचा काला केलाय.

नेवाडातले ते घोडे रिनो शहराच्या पूर्वेचे, व्हर्जिनिया रेंजचे. शेजारी एक लाख सात हजार एकरांचं औद्योगिक क्षेत्र, टेस्लाचा बॅटरी कारखाना त्यातच. १९७१ चा रानघोड्यांचा कायदा ह्या कळपांना लागू नाही. तो केंद्राच्या ताब्यातल्या जमिनीपुरता, आणि इथली बरीचशी जमीन खाजगी. कागदावर ही बेवारस जनावरं, राज्याच्या कृषी खात्याच्या अखत्यारीतली. म्हणून तिथे संस्था आणि वर्गणी लागते. लेसी जे. डाल्टन ही कंट्री गायिका 'लेट एम रन' नावाची संस्था चालवते, हे खरं. पण गाण्याने तिथला एकही कारखाना मागे सरकलेला नाही.

आता आपल्याकडे. माण, खटाव, फलटणचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसोबत फिरणारी कुटुंबं, दिवाळीच्या सुमाराला कोकणाकडे उतरतात. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, नवी कोकरं ज्यांच्या पाठीवर असतात ती तट्टं म्हणजे भीमथडी जातीचे घोडे. त्यांना मालक आहे. रात्री पायबंद घालून तळावर असतात. रानघोडे बघायचे तर आसामात दिब्रू-सैखोवाला जा, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांची पिलावळ आहे. धनगराचं तट्टू कुणी नेत नाही हो, त्याच्या पायाखालचं गायरान चाललंय. ते वाचवायला तंबोरा नको, गट नंबर लागतो.

खर्जातला_सा

म्हणजे गाणाऱ्यांनी गप्प बसावं आणि तलाठ्याच्या दारात रांग लावावी. बरं.

१९७१ चा कायदा कुठून आला ते सोयीस्कर गाळलंत. वेल्मा जॉन्स्टन नावाची नेवाडातली बाई ऑफिसात सेक्रेटरी होती. विमानं आणि ट्रक लावून घोडे पळवून पकडायचे आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी कापायचे, ते तिने चव्हाट्यावर आणलं. १९५९ ला मोटार वाहनांनी पाठलाग करण्यावर बंदी आली. पुढे शाळकरी पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा १९७१ चा कायदा झाला. त्या पत्रांत गट नंबर नव्हते, घोडा आवडतो एवढंच होतं. आधी लोकांना कळवळा येतो, मग कागद हलतो. कळवळा आणायचं काम गाणाऱ्याइतकं कुणाला जमतं?

माणगंगा

दोघांनी एक गोष्ट सोडली: पैसा येतो एकदा, काम लागतं दरवर्षी.

घोड्यांचा मोकळा कळप वर्षाला १५ ते २० टक्के वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. जागा तेवढीच. म्हणून व्हर्जिनिया रेंजमध्ये २०१९ पासून पीझेडपी ही घोडीला गाभण राहू न देणारी लस सुरू झाली. डुकराच्या बीजांडाच्या आवरणातली प्रथिनं. घोडीच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि शुक्रजंतू बीजाला चिकटत नाही. पहिल्या वेळी १०० मायक्रोग्रॅम लस अर्धा मिलीलिटर द्रवात, तेवढंच तेलकट ॲडज्युवंट, म्हणजे लसीचा जोर वाढवणारा पदार्थ. दोन सिरिंजा तोंडाला तोंड जोडून शंभर वेळा इकडून तिकडे ढकलायच्या. दाट पांढरं झालं नाही तर मिश्रण फुटतं आणि डोस वाया. डार्ट, म्हणजे लांबून मारायची सुई, मागच्या पुठ्ठ्यात, स्नायू जाड असतो तिथेच. दोन ते सहा आठवड्यांनी दुसरा डोस, मग दरवर्षी एक.

गडबड कुठे होते? एक, घोडी अकरा महिने गाभण असते. डार्ट मारला त्या वेळी पोटात असलेलं शिंगरू होणारच, त्यामुळे पहिल्या वर्षी आकडा हलत नाही आणि देणगीदार नाराज. दोन, कुठल्या घोडीला दिलं ते कळायला प्रत्येकीचा फोटो, अंगावरच्या खुणा, आयाळ कुठल्या बाजूला पडते ह्याची नोंद लागते. नोंद नसेल तर एकीला तीनदा, दुसरीला एकदाही नाही. तीन, दर दहातल्या सात-आठ माद्यांपर्यंत पोहोचला नाहीत तर वाढ थांबत नाही. चार, डोस चुकला की परिणाम उतरतो, घोडी उशिरा गाभण राहते आणि पुढच्या वर्षी शिंगरू थंडीच्या तोंडावर जन्मतं. आणि सलग बरीच वर्षं दिली की परत गाभण राहायला फार वेळ लागतो, म्हणून कुणाची लस कधी थांबवायची तेही आधी ठरवावं लागतं.

एका रात्रीच्या मैफलीने यातलं काय होतं? पहिल्या वर्षाचा डार्ट. अर्धवट लसीकरण म्हणजे पैसे जाळणं.

कृष्णाकाठ

लस-बिस राहू द्या. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला काय झालं ते बोला. १०.८७ चौरस किलोमीटर. धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर झाडं उभी केली, १९८५ ला अभयारण्य झालं, सगळा मान त्यांना. पण हरणं आणून सोडली, भोवती कुंपण, आत संख्या वाढली. कुंपण जिथे वाकलं तिथून चितळ थेट कडेगाव, पलूस, वाळव्याच्या रानात. शाळूचं कोवळं ताट, हरभऱ्याचा शेंडा. नुकसान झालं की तीन दिवसांत अर्ज, मग पंचनामा, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत खाल्लेला शेंडा फुटून वर येतो, मग म्हणतात नुकसान कुठाय.

प्राण्यांसाठी टाळ्या वाजवणारे गावाबाहेर राहतात, हे नेवाडात आणि इथे सारखंच.

खर्जातला_सा

@कृष्णाकाठ, धागा घोड्यांचा आहे. चितळांचा काढा वेगळा.

कृष्णाकाठ

कुंपणातला कळप तो कुंपणातला कळप. शिंगं असली काय, नसली काय.

गजकरी

सगळे घोड्यांवर बोलताय आणि वादकांच्या हातात काय आहे ते कुणी बोलत नाही. व्हायोलिनच्या गजाला, म्हणजे 'बो'ला, लावतात ते घोड्याच्या शेपटीचे केस. एका गजाला साधारण दीडशे ते दोनशे. बाजारातले केस मंगोलिया, चीन, सायबेरियाकडून येतात आणि बहुतेक कत्तलखान्यातल्या जनावरांचे असतात. घोड्यांसाठी मैफल लावून स्टेजवर व्हायोलिन वाजवणार असाल तर हेही सांगा.

खर्जातला_सा

वा! आता गायक-व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशींनी व्हायोलिन वाजवलं तेही घोडेहत्येत मोजा.

गजकरी

बुवांना मध्ये आणू नका, कुणी त्यांच्यावर बोललेलं नाही. प्रश्न मालाचा आहे. आणि त्यातच एक उपाय आहे. भीमथडीच्या शेपटीचे केस धनगराकडून विकत घ्या. जनावर जिवंत, मालकाला चार पैसे, वादकाला हात धुतल्याचं समाधान. तुमच्या मैफलीपेक्षा टिकाऊ.

माणगंगा

कागदावर गोड. गजाला केस बांधताना दोन्ही टोकांची गाठ धरून पंचाहत्तर-ऐंशी सेंटिमीटर लांबी लागते. केस महिन्याला इंचभर वाढतो, म्हणजे एकदा कापला की तेवढा व्हायला अडीच-तीन वर्षं. तट्टू मुळात बुटकं, बाभळीच्या आणि घाणेरीच्या जाळीतून फिरणारं, शेपटीचे निम्मे केस मधेच तुटलेले. घोडी असेल तर मुताने पिवळे पडलेले, ते व्हायोलिनवाले घेत नाहीत. उरले त्यातले बारीक, चपटे, गाठीचे काढा. मूठभर शेपटीतून एक बो झाला तर नशीब.

आणि मुख्य म्हणजे ती शेपटी जनावराला लागते. पावसाळ्यात माशा आणि गोमाश्या हाकायला दुसरं काय आहे त्याच्याकडे? शेपटी भुंडी केलेलं जनावर दिवसभर पाय आपटतं, चरत नाही, वाळतं.

गजकरी

मुळापासून भादरायला कोण सांगतंय? आतल्या बाजूचे विरळून घ्यायचे, वरचा झुपका तसाच. आणि पिवळट चालत नाही हा हट्ट आहे. नाद केसाच्या रंगाने येत नाही, राळेने येतो. राळ न लावलेला नवा बो तारेवरून नुसता घसरतो, पांढरा असो की काळा. काळे केस जाड, ते डबल बेस ह्या मोठ्या वाद्याच्या गजाला वापरतातच.

खरी अडचण वेगळी आहे, ती सांगतो म्हणजे पुढे वाद नको. केस दमट हवेत लांबतो, कोरड्यात आखडतो. ऐन आषाढात मिरजेत नेहमीच्या मापाने केस बांधले आणि वादक एप्रिलमध्ये तोच बो घेऊन माणात कार्यक्रमाला गेला, तर स्क्रू पूर्ण सैल करूनही केस ढिले होत नाहीत. काडीचा बाक जातो, नाहीतर टोकाचं डोकं तडकतं. म्हणून पावसाळ्यात बांधताना थोडी ढील ठेवायची नाही, असं जे सांगतात ते चूक. उलट उन्हाळ्यात बांधताना ढील ठेवली तर पावसात केस लोंबतात. पावसाळ्यात दोन-तीन मिलीमीटर जास्त द्यायचे, उन्हाळ्यात तेवढे कमी. गाठ बांधून टोकाला राळ लावून किंचित जाळायची, म्हणजे केस फुगून अडकतो. डोक्यातली लाकडी खुंटी ठोकून बसवायची नाही, अंगठ्याने दाबून बसली पाहिजे. सरस तर अजिबात नको, पुढच्या वेळी खुंटी निघताना डोकंच निघतं.

खर्जातला_सा

पावसाळ्यात जास्त दिले तर तिथल्या तिथे लोंबतील ना? आधीच लांबलेला केस!

गजकरी

लोंबत नाहीत, स्क्रूला तेवढी जागा असते. उन्हाळ्यात उलट्या बाजूला जागा नसते, मुद्दा तो आहे. आणि बो पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवला की किडे केस कुरतडतात. केस मधोमध तुटले तर वादन जोरकस, मुळाशी एकाच बाजूला झडले तर किडा. वाजवणाऱ्यांना हेही माहीत नसतं आणि पर्यावरणावर बोलतात.

खर्जातला_सा

भाषा सांभाळा. बो बांधता म्हणून संगीत तुमच्या मालकीचं झालं नाही.

गायरान_सातबारा

दोघेही थांबा. चाललं होतं गायरानाचं आणि आपण शेपटीला लोंबकळतोय.

मुद्दा परत सांगतो. सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी प्रकल्पांना दिल्या जातात, त्यात गायरानंही आली. वीज लागते, मान्य. पण पॅनेल म्हणजे भोवती तारेचं कुंपण, आणि वाड्याची वाट तिथून जात असेल तर मेंढरं आणि तट्टं डांबरी रस्त्यावर. पवनचक्क्यांच्या वेळी वेगळं होतं. ढालगाव काय, वनकुसवडे काय, खांबाच्या बुडाशी निदान चरता येत होतं.

महसूल संहितेचं कलम २२-अ गायरानाचा वापर बदलायला मनाई करतं. सार्वजनिक प्रकल्पाला, दुसरी जमीन नसेल तर, सूट आहे. मग 'दुसरी जमीन नव्हती' हे कुणी तपासलं, ते विचारा. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगतो, तो ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. वाट वनजमिनीतून असेल तर वनहक्क कायद्यात हंगामी चराईचा हक्क भटक्या पशुपालकांनाही आहे. फक्त आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वावर दाखवावा लागतो. धनगराकडे कागद कुठला? जुन्या चराई पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब, ज्यांच्या रानात वर्षानुवर्षं मेंढरं बसवली त्या शेतकऱ्यांचे जबाब. हे गोळा करायला एक माणूस वर्षभर फिरवावा लागतो. त्याचा पगार कोण देणार?

खर्जातला_सा

बघा, शेवटी पैशावरच आलात ना! त्या माणसाचा पगार मैफलीतून निघतो. तुम्हाला मैफल म्हणजे हार-तुरे वाटते. हिशेब ऐका: तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर प्रवेशावर जीएसटी नाही. मोकळ्या मैदानात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहात तो नियम आड येत नाही, म्हणजे रात्रीचे राग व्यवस्थित मांडता येतात. मिरजेत दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, तिथे कलाकार सेवा म्हणून गातात. मानधन वगळलं की मोठा खर्च उरतो सभागृहाचा आणि ध्वनीचा.

माणगंगा

आणि स्वागताचा. आणि स्मृतिचिन्हांचा. आणि पाहुण्यांच्या भाषणांचा, त्यात तर अख्खा विलंबित ख्याल जातो.

खर्जातला_सा

भाषणं काढू. पुढे?

माणगंगा

पुढे हे, की जमलेल्या पैशातून चारा वाटायचा नाही. नेवाडात भटक्या घोड्यांना खायला घालायला कायद्याने मनाई आहे ती उगाच नाही. एक तर जनावर रस्त्याकडे, वस्तीकडे येतं आणि गाडीखाली सापडतं. दुसरं, माळावरच्या कुसळी-पवन्या गवतावर वाढलेल्या पोटात एकदम हिरवा घास किंवा धान्य घातलं की पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, आतडं पिळलं की गेला. दानशूर मंडळी पोती घेऊन फोटो काढायला येतात, आणि दुसऱ्या दिवशी तट्टू लोळत असतं.

कृष्णाकाठ

सागरेश्वरला पण बाहेरून येणारे...

खर्जातला_सा

नको!

गायरान_सातबारा

@खर्जातला_सा, पगाराचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. पत्रिकेवर 'रानघोडे' हा शब्द नको, आणि एक मैफल नको. सलग तीन वर्षं, त्याच तारखेला, जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवायचा. कुठल्या वाटेचं काम, कुठले गट नंबर, ते तिकिटाच्या मागे छापा. मग मी तिकीट काढतो.

खर्जातला_सा

उपकार झाले. फुकट पास मागू नका म्हणजे झालं.

गजकरी

व्हायोलिन ठेवणार असाल तर तारीख आधी कळवा. एप्रिल असेल तर बो आत्ताच बघून घ्यावा लागेल.