डच लोक कंजूष की नुसतेच हिशोबी?

बंड्याची_आई: आम्ही नेदरलँड्समध्ये आम्स्टलवेनला, इथे आपली माणसं भरपूर, त्यामुळे डच लोकांशी संबंध मुलाच्या शाळेपुरता आणि शेजारापुरताच. तर परवा मुलगा मित्राकडे खेळायला गेला होता, तेही आधी व्हॉट्सॅपवर तारीख ठरवून कारण इथे सात वर्षांच्या पोरालाही कॅलेंडर असतं. सहाला आणायला गेले तर घरचे सगळे टेबलावर, बटाटा-गाजर-कांद्याचा तो लगदा, हुट्सपॉट, ताटात वाढून झालेला आणि आमचं ध्यान जॅकेट-बूट घालून जिन्याच्या पायरीवर. मित्राची आई अगदी हसून म्हणाली, आमची जेवायची वेळ झाली ना. अहो पोराला एक घास तरी? वर दुसऱ्या दिवशी टिक्की आली, आइस्क्रीमचे १ युरो ७५ सेंट. (टिक्की म्हणजे पैसे मागायची लिंक, एबीएन अ‍ॅम्रो बँकेने २०१६ मध्ये आणली, आता सगळा देश एकमेकांना पाठवत बसतो.) याला शिस्त वगैरे म्हणू नका प्लीज, हा चक्क चिकटपणा आहे.

सायकलवाला_उत्रेख्त: ताई, दुसरी बाजू सांगतो. दुपारी ब्रेड-चीज खाणाऱ्या माणसांचं हे दिवसातलं एकच गरम जेवण, तेही माणशी मोजून केलेलं. आणि त्या बाईच्या डोक्यात काय असणार, तर तुम्ही घरी रांधून पोराची वाट बघताय, त्याला इथे जेवू घातलं तर तुमचा स्वयंपाक वाया. न विचारता दुसऱ्याचं पोर जेवू घालणं हाच त्यांच्याकडे आगाऊपणा. आधी विचारलं असतंत तर आनंदाने जेवू घातलं असतं. टिक्कीचं म्हणाल तर गोव्याच्या ट्रिपनंतर आपली पोरं स्प्लिटवाइजवर, त्या खर्च वाटून घ्यायच्या अ‍ॅपवर, काय करतात?

बंड्याची_आई: स्प्लिटवाइजवर दुसऱ्याच्या लेकराचं आइस्क्रीम नाही हो टाकत कुणी.

तांबडा_पांढरा: +१. वाढदिवसाला गेलाय का कुणी यांच्या? खुर्च्या गोल मांडलेल्या, आत शिरलं की एकेकाशी हात मिळवून अभिनंदन करत फिरायचं, वाढदिवस नातवाचा असला तरी आजीचंही अभिनंदन, मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. मी दुसऱ्याची वाट बघत बसलो, बायको म्हणाली चला आता, सगळे निघाले. कोल्हापुरात असं केलं तर पुढची दहा वर्षं सोयरीक जुळणार नाही घरात.

नेहा_आइंडहोवन: मला नाही पटत कंजूष. माझं बाळंतपण इथेच झालं, आईचा व्हिसा अडकलेला, सगळं अवघड होतं. तर क्रामझोर्ग म्हणून प्रकार असतो, बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडाभर बाई येते. तिने बाळाची अंघोळ शिकवली, टाके बघितले, वॉशिंग मशीन लावलं, टॉयलेटसुद्धा घासलं, आणि ऑफिसची मंडळी बाळ बघायला येऊन फार वेळ बसली तर "आता आईला झोपायचंय" म्हणून सरळ उठवलं. तो सरळपणा माझ्या कामी आला ना, मग दुसरीकडे बोचला तर लगेच वाईट कसा?

तांबडा_पांढरा: ती सिस्टिम झाली नेहाताई, त्याचा विमा आपण दर महिन्याला भरतो. देश दिलदार आहे हे मान्यच, प्रश्न माणसाच्या हाताचा आहे. शेजारीण मेथीचे पराठे घेऊन आली असती तर गोष्ट वेगळी.

नेहा_आइंडहोवन: शेजारीण कार्ड टाकून गेली, हाताने लिहिलेलं. पराठे तिला येत नाहीत त्याला ती काय करणार 😄

हागचा_हणम्या: सगळे गोऱ्या डचांवरच घसरलात. इथे डेन हागमध्ये (द हेग) सुरिनामी हिंदुस्तानी माणसं खूप, १८७३ मध्ये लाला रुख जहाजातून भोजपुरी मुलखातले मजूर सुरिनामला, म्हणजे डचांच्या दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या वसाहतीत नेले, मागून आणखी जहाजं गेली, त्यांची ही पणतवंडं, बरीचशी १९७५ च्या सुरिनामच्या स्वातंत्र्याच्या आसपास इकडे आली. यांच्या घरून न जेवता बाहेर पडून दाखवा. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली रोटी, चिकन, चवळीच्या शेंगा, वर डबा बांधून देतील. पासपोर्ट डच, आपसात डच बोलतात, ऑफिसात टिक्कीही पाठवतात.

सायकलवाला_उत्रेख्त: पण ती पंगत हिंदुस्तानातून आलेली, तिचं श्रेय डचांना कशाला?

हागचा_हणम्या: मग एवढ्या पिढ्यांत ती बिघडली कशी नाही? डचांच्यात राहून माणूस चिकट होतो म्हणता ना.

बंड्याची_आई: वाद राहू दे, ती रोटी कुठे मिळते ते टाका. शनिवारी येतोच आहोत तिकडे.