होम लोनसाठी पगार वाढवून दाखवला तर?

प्रश्न (जळगाव): पगार ३२ हजार. एजंट म्हणतो, ४८ हजाराची स्लिप बनवून देतो, पिंप्राळ्यातला फ्लॅट बसेल. बँकेला कळतं का?

उत्तर १: कळतं ना भाऊ. स्लिप, फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार-कराचा दाखला), २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून बघतात. स्लिपवर ४८ अन् खात्यात जमा ३२, तिथंच फाईल अडते. लपवलेला गाडीचा हप्ता सिबिलमध्ये, म्हणजे कर्जांच्या नोंदीत, दिसतोच.

उत्तर २: मंजूर झालं तरी सुटका नाही. नंतर सापडलं तर करारानुसार बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लागलं तर ७ वर्षांपर्यंत कैद. सही तुमची, एजंट कमिशन घेऊन मोकळा.

उत्तर ३: खोट्या स्लिपपेक्षा खरं उत्पन्न दाखवा. रावेरकडे स्वतःच्या नावावर केळी असेल तर सातबारा, विक्रीच्या पट्ट्या, आयटीआरमधलं शेती उत्पन्न जोडा. नाहीतर कमावत्या बायकोला सहअर्जदार करा.