खोट्या आठवणींचा स्कोअर कसा काढू? मराठी याद्यांसाठीही मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोपरखैरण्याला राहते, सायकॉलॉजीत एमए चालू आहे, आणि डेझर्टेशनला विषय घेतलाय की न घडलेलं आठवण्याकडे कुणाचा कल जास्त नि कुणाचा कमी, हे मोजता येतं का. विषय घरातूनच आला. २६ जुलै २००५ ला आमच्या घरात पाणी शिरलेलं आणि बाबांनी मला टेबलावर बसवलेलं मला अगदी स्पष्ट दिसतं, आणि आई म्हणते अगं आपण सगळे तेव्हा साताऱ्याला आजीकडे होतो. भावाला असलं काहीच आठवत नाही, गप्पा मात्र आम्ही दोघांनी त्याच ऐकल्यात.

मी डीआरएम नावाची खोट्या आठवणींची टेस्ट घेतेय, रोडिगर आणि मॅकडरमॉट या संशोधकांची १९९५ ची. उशी, गादी, जांभई, घोरणं असे शब्द वाचून दाखवायचे, 'झोप' मुद्दाम वगळायचा आणि नंतर विचारायचं तो होता का.

अडलंय स्कोअरवर. शेजारच्या काकूंवर करून बघितली तर त्या 'झोप'ला हो म्हणाल्या आणि कशाशीच संबंध नसलेल्या 'रिक्षा'लाही हो, मग ही खोटी आठवण की नुसती हो म्हणायची सवय? असे फालतू हो वजा करू, का सिग्नल डिटेक्शनने (खरी ओळख आणि हो म्हणायची सवय वेगळी करायची पद्धत) डी-प्राइम हा स्कोअर काढू? याद्या १० च आहेत, म्हणजे माणसामागे फसायच्या संधीही १० च, त्यावर माणसामाणसातला फरक भरवशाने दिसेल का? २० केल्या तर लोक कंटाळतात.

गाईड म्हणतात एक टेस्ट, एक स्कोअर, विषय संपला. पण २०१३ मध्ये झू, लॉफ्टस वगैरे संशोधकांनी डीआरएम आणि चुकीची माहिती देऊन फसवणारी टेस्ट त्याच लोकांवर घेतली तर दोन्हींचा सहसंबंध फक्त ०.१२ आला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). मग एका टेस्टवरून 'यांची आठवण पटकन फसते' असं कुणाबद्दल लिहायला माझा हात धजत नाही. दुसरी टेस्ट जोडायचीच का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

आणि याद्या. इंग्रजीतल्या सुईच्या यादीत गवताची गंजी आहे (त्यांच्याकडे 'गंजीत सुई शोधणं' म्हणतात), ती ऐकून आपल्याकडे कुणाला सुई आठवणार? म्हणून शब्द आपल्याच माणसांकडून गोळा करतेय. बेडूक, कुकर, चिखल, तूप, ढग, वरण, मुद्दाम मिसळलेत, प्रत्येकाला मनात येणारा पहिला शब्द कळवा, पण व्यक्तिगत निरोपातच, इथे लिहिलात तर पुढच्याच्या डोक्यात तोच बसेल. वाशी-ठाण्याकडचं कुणी अर्धा तास समोर बसायला तयार असेल तर मी येईन.