फ्लॉरेन्सचे ऐक्य टिकले का नाही?

प्रश्न
६ जुलै १४३९ रोजी फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या ऐक्याचा जाहीरनामा लॅटिन व ग्रीक भाषांत वाचला गेला आणि त्यावर बायझंटाइन सम्राट आठवा जॉन याने स्वतः सही केली होती. एवढा प्रदीर्घ खल होऊनही हे ऐक्य बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये रुजले नाही, याचे कारण धर्मशास्त्रात शोधावे की राजकारणात?

प्रतिसाद १
धर्मशास्त्राला मी कमी लेखणार नाही. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, या मतांगीकारातील (श्रद्धेच्या अधिकृत घोषणेतील) वाक्याला पश्चिमेच्या लॅटिन, म्हणजे कॅथलिक, चर्चने ‘आणि पुत्रापासून’ अशी जोड दिली होती, आणि सर्वांच्या संमतीवाचून मतांगीकाराला हात लावलाच कसा, हा ग्रीक ऑर्थोडॉक्सांचा मूळ आक्षेप होता. ग्रीक धर्मपित्यांचे (आरंभीच्या धर्माचार्यांचे) ‘पुत्राद्वारे’ आणि लॅटिन ‘पुत्रापासून’ यांचा अर्थ एकच, असा तोडगा निघाला; प्रभुभोजनाची भाकर खमिराची असो वा बेखमीर, दोन्ही ग्राह्य ठरल्या. इफिससचे ऑर्थोडॉक्स बिशप मार्क यांनी मात्र सही केली नाही, आणि मायदेशी लोकांनी मानले ते त्यांनाच.

प्रतिसाद २
वरील प्रतिसाद योग्यच आहे, पण लोकांनी मार्क यांना का मानले, हे १२०४ विसरून कळणार नाही. त्या वर्षी पश्चिमेच्या क्रूसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले, आणि पुढे ५७ वर्षे तेथे लॅटिन सत्ता होती. ते शहर परत मिळवणाऱ्या बायझंटाइन सम्राट आठव्या मायकेलनेच, सिसिलीचा राजा आंजूचा चार्ल्स याची स्वारी टळावी म्हणून, १२७४ मध्ये लिऑनच्या परिषदेत पोपचे श्रेष्ठत्व मान्य केले आणि विरोधकांना तुरुंगात डांबले. एवढे करूनही १२८१ मध्ये पोप चौथा मार्टिन याने त्यालाच बहिष्कृत केले. पुढच्या वर्षी तो वारला तेव्हा त्याच्याच चर्चने त्याला धार्मिक अंत्यविधी नाकारला आणि मुलाने ते ऐक्य मोडीत काढले. माझ्या मते खरी जखम ही आहे: ऐक्याची बोलणी प्रत्येक वेळी लष्करी मदतीच्या आशेने झाली, आणि सामान्य भाविकाला त्यात श्रद्धेचा सौदा दिसला.

प्रतिसाद ३
मॉस्कोचाही विचार व्हावा. फ्लॉरेन्सला सही करून परतलेल्या, रशियन चर्चचे प्रमुख असलेल्या इसिडोर यांना १४४१ मध्ये तेथे अटक झाली आणि १४४८ मध्ये रशियन बिशपांनी कॉन्स्टँटिनोपलला न विचारता योना यांना प्रमुख निवडले. कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चमध्ये, हागिया सोफियात, ऐक्याची घोषणा झाली ती थेट १२ डिसेंबर १४५२ रोजी, आणि त्यानंतर कित्येक भाविकांनी त्या मंदिरात पाऊल टाकणेच सोडले. पुढच्या मे महिन्यात शहर ऑटोमन तुर्कांच्या हाती पडले.